एक फोटो शिल्लक

तीन फोटोग्राफर चहाला बसले की फोटोंबद्दल बोलतील, असं लोकांना वाटतं. छे! आम्ही बोलतो कार्डांबद्दल. कॅमेऱ्याच्या पोटात जातं ते मेमरी कार्ड. गेल्या वीस वर्षांत त्याचे इतके आकार आले आणि गेले, की माझ्या ड्रॉवरमध्ये आता मेलेल्या कार्डांचा ढीग आहे. आणि एकेका कार्डामागे एकेक किस्सा. कार्ड भरतं, पण किस्से भरत नाहीत.

आमचा कंपू तिघांचा. मी मंचरजवळच्या पेठ गावात स्टुडिओ चालवते. प्रल्हादचं मंचरला दुकान आहे. बाजारात नवं काय आलं ते आधी विकत घ्यायचं आणि मग ते चालतं का बघायचं, हा त्याचा स्वभाव. तिसरे आमचे गुरू, घोडेगावचे गेनूभाऊ. साठी उलटली, पण डोंगरातल्या गावांत अजूनही लग्नाची तारीख धरताना भटजींच्या आधी भाऊंना विचारतात. दर सोमवारी प्रल्हादच्या दुकानात, त्याच्या त्या लाकडी टेबलाशी आमचा चहा ठरलेला.

भाऊंच्या कपाटात एक जुना, चंदेरी, साबणाच्या वडीएवढा कॅमेरा आहे. चालू केला की स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडा दिसतो : 1. म्हणजे कार्डावर एकच फोटो बसेल एवढी जागा शिल्लक. तो एक फोटो भाऊंनी वीस वर्षं काढला नाही. का, ते आधी सांगते. बाकीचे किस्से त्याच्याच मागेपुढे फिरतात.

*

मी नुकतीच लग्न होऊन पेठेत आले होते आणि भाऊंकडे काम शिकत होते. भाऊंनी तो चंदेरी कॅमेरा घेतला, आणि डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला एका वाडीत पहिलं बिनरोलचं लग्न धरलं. कार्ड होतं एक्सडी नावाचं, अंगठ्याच्या नखाहून जरा मोठं. सव्वाशे फोटो बसायचे. रोलमध्ये छत्तीस बसायचे, त्यामुळे सव्वाशे म्हणजे आम्हाला समुद्र वाटला होता.

नवरीचं नाव सुमन. तिची आई लहानपणीच गेलेली. बाप विधुर, म्हणून कन्यादानाला चुलता-चुलती बसले. आबा, म्हणजे तिचे वडील, दिवसभर पाण्याच्या टाकीपाशी आणि पंगतीत. स्टेजकडे फिरकलेच नाहीत. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा तेवढे मांडवाच्या कडेला येऊन उभे राहिले. भाऊंनी त्यांना टिपलं. दिवसभरातला तेवढाच एक फोटो.

अक्षता पडल्या, समुद्र भरला, आणि नेमके तेव्हाच एक पुढारी आले. गाडी चालूच ठेवलेली. "फोटोवालं कुठंय? चला, लवकर!" आता जागा करायची म्हणजे पुसणं आलं. भाऊंनी घाईघाईत तीन फोटो पुसले. एकात मांडवाचा खांब मधे आला होता, एकात कुणाची तरी पाठ होती, आणि एकात म्हाताऱ्याने डोळे मिटले होते. पुढाऱ्यांचे दोनच फोटो झाले, एक शालीचा, एक नारळाचा, आणि गाडी गेली. उरली एक जागा. ती पाठवणीला राखली, तर पाठवणीच्या वेळी कॅमेऱ्याचे पेन्सिल सेलच संपले. वाडीतल्या दुकानात मेणबत्त्या होत्या, सेल नव्हते.

महिन्याभराने सुमन आली. कपाळाला कुंकू, पण चेहरा पार उतरलेला. आबा शेतात बसल्या जागी गेले होते.

"भाऊ, आमच्या आबांचा एखादा तरी आसंल ना? घरात एक पण न्हाई."

भाऊ खोटं बोलू शकले असते. कॅमेरा बिघडला म्हणाले असते तर तिला काय कळणार होतं? पण म्हणाले, "ताई, व्हता. डोळं मिटल्यालं व्हतं, म्हणून म्या माझ्या हातानं पुसला."

ती उठली. पदराने तोंड पुसून निघून गेली. मी त्या वेळी भाऊंकडे बघू शकले नव्हते. पण तेव्हापासून त्यांच्याबद्दल मला जो आदर वाटतो, तो त्या एका वाक्यामुळे.

चार दिवसांनी प्रल्हाद पुण्याहून बातमी घेऊन आला : पुसलेला फोटो लगेच जात नाही म्हणे. त्या जागेवर दुसरा फोटो बसेपर्यंत तो तिथेच पडून असतो, फक्त दिसत नाही. काढायचा कसा, ते मात्र त्याला ठाऊक नव्हतं. अल्बम अजून बाइंडिंगला होता, म्हणून नशिबाने कार्ड तसंच होतं. भाऊंनी कॅमेरा हातात घेतला, कोपऱ्यातला 1 बघितला आणि कॅमेरा कपाटात ठेवून दिला.

"ही जागा आबांची," ते म्हणाले. "हितं कोन बसायचं न्हाई."

*

त्यानंतर भाऊंनी नियम केला : अल्बम घरी पोचून घरच्यांनी शेवटच्या पानापर्यंत बघितल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. डोळे मिटलेले, हललेले, पाठमोरे, सगळे ठेवायचे.

आता इतकी कार्डं ठेवायची कुठे? भाऊंच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, आपला मसाल्याचा डबा दिला. सात वाट्यांचा, स्टीलचा. एका वाटीत लांब कार्डं, एकात चौकोनी, एकात ती मायक्रो, म्हणजे कलिंगडाच्या बीएवढी. डब्यावर झाकण, झाकणावर दगड. उंदीर, मुंग्या, पावसाळा, काही आत शिरत नाही.

एकदा प्रल्हादने त्या डब्यातलं कार्ड कॉम्प्युटरला लावलं, वाचेचना. बाहेर काढून बघतो तर त्याच्या पितळी पट्ट्या पिवळ्याजर्द! तो वहिनींवर उखडला. "वहिनी, डबा धुतला नव्हता का? कार्डाला हळद लागली की!"

वहिनी भाकरी थापत होत्या. मानसुद्धा वर केली नाही. "लग्नाचं फोटू हायेत ना त्यात? मग हळद लागल्याबिगर कसं चालंल!"

*

प्रल्हादचं सांगू का? त्याने लांब कार्डाचा कॅमेरा घेतला, सहा महिन्यांत कंपनीने कार्ड आखूड केलं. मग आखूड कार्ड लांब खाचेत बसवायला अडॅप्टर आला. मग मायक्रो आलं, त्याला वेगळा अडॅप्टर. जुन्नरच्या एका लग्नात त्याने बीएवढं कार्ड मधल्या अडॅप्टरमध्ये घातलं, तो मोठ्या अडॅप्टरमध्ये, आणि ते सगळं कॅमेऱ्यात. गेलं ते आतच बसलं! नवरा-नवरी हार घेऊन उभी, बॅन्डवाला वाजवून वाजवून दमला. शेवटी नवरीच्या अंबाड्यातला आकडा काढून प्रल्हादने ते ओढून काढलं. अंबाडा सुटला, नवरी रडकुंडीला आली.

भाऊ दुसऱ्या कॅमेऱ्यावर शांतपणे फोटो काढत होते. नंतर चहा पिताना म्हणाले, "प्रल्हाद, तुझं कार्ड सासरी नांदत न्हाई रं. दर साली नवं सासर!"

"फॉरमॅट बदलतोय भाऊ, मी काय करू?"

"माणसांची लग्नं बदलत्यात का? मग!"

तेव्हापासून कार्ड घेताना भाऊ जीबी विचारत नाहीत. विचारतात, "ह्याला वाचणारं यंत्र धा वर्सांनी घोडेगावात मिळंल का?" दुकानदार हसतात. मीही हसायचे. आता मीसुद्धा तेच विचारते.

*

नवं कार्ड घेतलं की भाऊ ते सरळ लग्नाला नेत नाहीत. आधी काठोकाठ भरून बघतात. हे ते माझ्यामुळे शिकले, आणि मी अद्दल घडल्यामुळे. बाजारात मोठं कार्ड स्वस्तात मिळालं म्हणून मी हुरळून घेतलं होतं. वरती आकडा मोठा, पोट मात्र लहान! एका बारशाचे निम्मे फोटो कार्डाने गिळले. कॅमेरा तरी म्हणतोय, सगळं ठीक आहे. त्या बाळाच्या आजीने मला जे सुनावलं, ते इथे लिहिता येणार नाही.

तर भाऊंनी नवं कार्ड घेतलं आणि भरायला घोडेगावच्या एसटी स्टँडवर जाऊन उभे राहिले. येईल ती गाडी टिप, जाईल ती टिप. स्टँडचं घड्याळही फोटोत घेतलं, म्हणजे सगळे फोटो क्रमाने उतरले का ते नंतर कळतं. तासाभराने कंट्रोलर साहेब टोपी सारखी करत आले. "साहेब, वरनं आलाय का तुमी?"

"न्हाई ओ, कार्ड भरतोय."

पण साहेबांचा विश्वास बसला नाही. त्या दिवशी डोंगरात जाणारी एकूण एक गाडी वेळेवर सुटली! आहुप्याकडच्या मुक्कामी गाडीचे पॅसेंजर तर घड्याळाकडे आणि गाडीकडे आळीपाळीने बघत राहिले. एक म्हातारी पायरीवर चढता चढता वळली.

"भाऊ, किती दिस भरायचं हाय कार्ड?"

"आजच्यात भरंल, आजी."

"मग जरा मोठं घ्यायचं व्हतं की, राव!"

*

आता टिकलीचा किस्सा. एसडी कार्डाच्या कडेला तिळाएवढं लॉकचं बटण असतं. खिशात सरकलं की कार्ड बंद, ऐन वेळी कॅमेरा फोटोच घेत नाही. मी यावर डोकं आपटलं, प्रल्हादने फेव्हिक्विक लावून कार्डच कॅमेऱ्याला चिकटवलं. भाऊंनी काय करावं? वहिनींच्या पाकिटातली टिकली काढून बटणावर चिकटवली! बटण हलायचं बंद. लाल टिकली म्हणजे भरलेलं कार्ड, हिरवी म्हणजे रिकामं. अंधाऱ्या मांडवातही चूक होणार नाही.

एकदा ओझरच्या गणपतीला नवं जोडपं दर्शनाला आलं, आम्ही फोटोला. नदीचा घाट, छान ऊन, आणि नेमकी नवरीची टिकली गर्दीत पडली. सासू म्हणाली, "रिकाम्या कपाळाचा फोटो नको." सगळे टिकली शोधताहेत, ऊन उतरतंय. भाऊंनी खिशातून भरलेलं कार्ड काढलं, त्यावरची लाल टिकली अलगद सोडवली आणि सासूबाईंच्या हातावर ठेवली.

"लावा. फोटो थांबला न्हाई पायजे."

सासू बघतच राहिली. भाऊंच्या खिशात टिकली का, हा प्रश्न तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. प्रल्हाद म्हणाला, "काळजी करू नका काकू, चौसष्ट जीबीची हाय!"

*

हे सगळं चालू असताना दरवर्षी दिवाळीत सुमन भाऊंकडे यायची. भाऊबीज करून सासरी परतताना घोडेगावात गाडी बदलायची, तेव्हा. आधी एकटी, मग कडेवर पोरगी, मग पोरगी हाताला धरून. रागावून नाही, विचारायला; पुसलेला फोटो अजून कार्डात पडून असेल, हे भाऊंनी तिला कळवलं होतं.

"एक हाय ना आजून?"

भाऊ कॅमेरा काढायचे, नवे सेल घालायचे, आकडा दाखवायचे. "हाय."

ती मान डोलवायची, वहिनींच्या हातचा चहा प्यायची आणि गाडीला जायची. बास. वीस वर्षांत ही भेट एकदाही चुकली नाही.

पुसलेले फोटो परत आणायचं सॉफ्टवेअर पुढे आलं. प्रल्हादने ते शिकूनही घेतलं. पण तोवर एक्सडी कार्डच बाजारातून उठलं होतं! कार्ड वाचायला रीडर लागतो. केबल लावली तर कॅमेरा फक्त दिसणारे फोटो देतो, पुसलेले दाखवत नाही. त्या लग्नाचे फोटो प्रल्हादच्याच रीडरने उतरवले होते, पण त्या रीडरचं पुढे काय झालं, ते प्रल्हादला आठवेना. नव्याच्या नादात जुनं कुठे टाकलं, कुणास ठाऊक. पुण्यात हिंडलो, जुना बाजार पालथा घातला. एकाने रीडर दिला, त्यात सतरा खाचा होत्या आणि एक्सडीची अठरावी नव्हती.

"भाऊ, ते कार्ड मेलं आता," प्रल्हाद एकदा कंटाळून म्हणाला.

भाऊ कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "कार्ड जित्तं हाय. त्याच्याशी बोलणारं कोन र्‍हायलं न्हाई, येवढंच."

त्या दिवशी चहा कुणालाच गोड लागला नाही. पुढच्या वर्षी भाऊंच्या छातीत दुखलं, स्टेंट बसवला. दवाखान्यातून घरी आल्यावर मला पहिलं वाक्य काय, तर "रंजना, कॅमेऱ्यातलं सेल काढून ठिवलंस ना? गळत्यात." मी वहिनींना म्हटलं, हा माणूस त्या आकड्यासाठी जगतोय. वहिनी म्हणाल्या, "मग जगू दे की!"

*

गेल्या दिवाळीआधी प्रल्हादने दुकानाचं नूतनीकरण काढलं. काचेचं काउंटर, पांढरे दिवे. जुनं लाकडी टेबल भंगारात द्यायचं ठरलं. ज्याच्याशी बसून आम्ही वीस वर्षं चहा प्यायलो, तेच. आम्ही तिघांनी मिळून ते उचललं, आणि एका पायाखालून काळी, चपटी, धुळीने माखलेली एक वस्तू निघाली. टेबल डुगडुगू नये म्हणून केव्हातरी खाली सरकवलेली.

भाऊ खाली बसले, खिशातल्या रुमालाने ती पुसली. कडेला पाच खाचा होत्या. एका खाचेवर बारीक अक्षरं : एक्सडी.

प्रल्हादचा चेहरा बघण्यासारखा झाला. मला हसावं की त्याला मारावं, कळेना. ज्या रीडरसाठी आम्ही पुणं पालथं घातलं, त्याच्याच डोक्यावर कप ठेवून आम्ही त्याला शोधायची चर्चा करत होतो! भाऊ मात्र तडक उठले. घरून कॅमेरा घेऊन आले, कार्ड काढलं, आणि माझ्या हातात दिलं. म्हणाले, "तू लाव."

मी कार्ड लावलं, प्रल्हादने सॉफ्टवेअर चालवलं. आधी खांब आला, पण फक्त त्याची वरची पट्टी, खाली नारळ आणि पुढारी. मग एक पाठ, तीही अर्धवट. मग स्क्रीनवर हळूहळू एक फेटा उतरला, फेट्याखाली कपाळ, मिटलेले डोळे, पांढऱ्या मिशा, जोडलेले हात. आबा अख्खेच्या अख्खे होते. प्रल्हाद रडला. हो, प्रल्हाद!

भाऊबीजेनंतर सुमन आली. मुलगी आता कॉलेजला जाते, तीही बरोबर होती. भाऊंच्या स्टुडिओत आम्ही सगळे जमलो होतो. सुमनने नेहमीसारखं विचारलं, "एक हाय ना आजून?" भाऊंनी कॅमेरा काढला नाही. आबांच्या फोटोची फ्रेम तिच्या हातात दिली.

ती किती वेळ बघत होती, सांगता येणार नाही. मुलीने आजोबांच्या मिशांवरून बोट फिरवलं.

भाऊ म्हणाले, "ताई, डोळं मिटल्यालं हायेत बरं का."

प्रल्हाद पुढे झाला. "त्याची काळजीच नको! आता एआयनं दोन मिनिटांत डोळे उघडून देतो. कळणार पण नाही."

"नको दादा," सुमन म्हणाली. "मंगलाष्टकं चालली व्हती ना? आईला सांगत आसतील, पोरीचं लगीन लागलं म्हणून."

वहिनी आत निघून गेल्या. भाऊंनी कपाटातून चंदेरी कॅमेरा काढला, त्यात ते कार्ड परत घातलं, नवे सेल घातले. कोपऱ्यात 1.

"बसा ताई हितं. फ्रेम छातीशी धरा."

सुमन स्टुलावर बसली. भाऊंनी कॅमेरा वर घेतला, आणि जन्मभर सगळ्यांना सांगत आले तेच सांगायला तोंड उघडलं, "ताई, डोळं..." आणि थांबले. मग बटण दाबलं.

प्रल्हादने त्यांच्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघितलं. "भाऊ, त्यांनी डोळे मिटले की! आणखी एक घ्या."

भाऊंनी कॅमेरा त्याच्यासमोर धरला. कोपऱ्यात शून्य होतं.

"आता जागा न्हाई," भाऊ म्हणाले.